कोपऱ्यातला पहिला वाडगा

५ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाई,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच सूनबाई लिहिलं आहे. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण आधी पत्र वाच आणि मग रागाव.

इकडे सगळं ठीक आहे. गॅस मी बंद करतो, मग पुन्हा जाऊन बघतो, तो बंदच असतो. काल दूध उतू गेलं. ओटा पुसला, पण तू पुसतेस तसा पुसला गेला नाही, कडेला पिवळं राहिलं आहे. खिडकीतल्या तुझ्या तिन्ही कुंड्या आहेत तशा आहेत. थंडी वाढायला लागली आहे, तर त्यांना पाणी कमी घालायचं की जास्त, ते मला समजत नाही.

फोनवरही मी हेच विचारलं. तू म्हणालीस, "बोला बाबा," आणि इतकं बोलायचं असताना माझ्या तोंडून निघालं, "कुंड्यांना पाणी किती घालू?" तू फोन ठेवून दिलास. बरोबर केलंस. म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतची, नंतर जन्म गेला बसच्या सीटा शिवण्यात. सुई माझी सरळ चालते, पेनाचं तसं नाही. समजून घे.

रविवारी झालं ते गैरसमजातून झालं. तू म्हणशील, मला काय सांगता, मीच तर दारात उभी होते. होतीस. हात ओले होते तुझे, फडक्याला पुसत पुसत दार उघडलंस. समोर ती खाणावळवाली मावशी, कमरेवर झाकलेलं पातेलं, आणि मागे आपला पोस्टमन, त्याच्या हातात लोकरीचं पांघरूण. ती जिन्यातूनच सुरू झाली. "म्हाताऱ्याला उपाशी ठेवतेस आणि स्वतः कांदा परततेस? खालपर्यंत वास येतोय! थंडी तोंडावर आली आहे, अंगावर धड पांघरूण नाही त्यांच्या. वर देव बघतो, बाई!" वर देव बघत होता की नाही माहीत नाही, पण वरच्या मजल्यावरची बाई, आपली दुर्बीण, कठड्यावरून पूर्ण वाकून बघत होती. समोरच्यांचं दार उघडलं. खालच्यांचंही उघडलं.

आणि तू मागे वळून म्हणालीस, "बाबा?"

एवढंच. मी दाराच्या आड होतो. मला बोलायचं होतं गं. ऐन वेळी ठसका लागला. खोकला असा आला की जीव घुसमटला. खोकला थांबेपर्यंत ते लोक पातेलं उंबऱ्यात ठेवून निघून गेले होते आणि तू आत बॅग भरत होतीस.

गैरसमज होतात. मी त्यांना सांगेन. तू माहेरी चार दिवस आराम कर. कामावर रजा टाकली आहेस असं हा म्हणाला, किती दिवसांची ते सांगत नाही. तुझा नवरा माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतो आहे.

बाबा


८ नोव्हेंबर, शुक्रवार

सूनबाई,

पत्र मिळालं असेल. उत्तर यावं असं काही नाही.

तू विचारलं नाहीस, पण मी आपणहून सांगतो, हे बाहेर खाण्याचं कधी सुरू झालं. हवा पालटली तेव्हापासून. सकाळी तू आणि हा कामाला गेलात की घर गार पडतं. तू माझं ताट झाकून ठेवायचीस, मी झाकण उचलून बघायचो. उकडलेली भाजी, पांढरी डाळ, मऊ भात. इस्पितळातून आल्यापासून माझं मीठ बंद, पायाची सूज उतरली ती त्यानेच, मला कळतं. पण कळणं डोक्यात असतं आणि जीभ असते तोंडात. ताट पुन्हा झाकून मी कोट घालून बाहेर पडायचो. पाय मोकळे करायला गेलो होतो, असं तुला संध्याकाळी सांगायचो. पाय मोकळे व्हायचे हे काही खोटं नाही.

आधी नुसता बसथांब्याजवळच्या टपरीवर चहा. ग्लास दोन्ही हातांत धरायचा, आधी बोटं शेकायची आणि मग ओठ लावायचा. मग शाळेच्या कोपऱ्यावरची रताळ्यांची गाडी. तो निखाऱ्यातून रताळं काढतो, राख झटकतो आणि वर मीठ-तिखट भुरभुरवून कागदात देतो. ते कोटाच्या खिशात ठेवून चाललं की रताळं होतं आणि शेगडीही होते. छापखान्याच्या गल्लीत एक जण तव्यावर लोणी सोडून पाव भाजतो आणि त्याच्यावर अंडं फोडतो. लोणी कडेनं कसं चरचरतं, आणि पावाची खालची बाजू कशी

हे मी काय लिहीत बसलो आहे. खोडत नाही, खोडलं तर तुला वाटेल आणखी काहीतरी लपवलं.

एक दिवस वारं फार बोचरं होतं आणि मी त्या मावशीच्या खाणावळीत शिरलो. चार टेबलं, काचा सगळ्या वाफेनं पांढऱ्या, आत शिरलं की चष्माही पांढरा. कांद्याचा, मिऱ्याचा, हाडांच्या रश्शाचा असा एकत्र वास. चष्मा पुसून बघतो तर चुलीच्या बाजूला कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी. बाकी सगळ्या नुसत्या लाकडी, या एकीवर गादी. जाड, कडेला दुहेरी शिलाई, काम चोख. सीटा शिवणारा माणूस मी, गादी बघितली आणि बसलो. दुसरं काही मनात नव्हतं, तुझ्या सासूची शपथ.

तर तिथे एक रीत आहे. रश्शाचं पातेलं चुलीवरून उतरलं की पहिला वाडगा कोपऱ्यातल्या खुर्चीला. त्या खुर्चीवर ज्याला घरी कोणी नाही तो बसतो. तिथे पाटीबिटी काही नाही, सगळ्यांना आपलं माहीत आहे. मला कसं माहीत असणार? मावशीनं वाडगा समोर ठेवला, त्यात बटाटा, मटार, मऊ शिजलेलं मांस, वर वितळणारं लोणी. तिनं हळूच विचारलं, "घरी कोणी नाही ना, काका?"

मी मान हलवली. तोंडात घास होता गं. मान कुठल्या दिशेनं हलली ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. मी शब्दानं काही बोललो नाही.

रोज जायला लागलो. त्या कोपऱ्याचे पैसे ते घेत नाहीत. माझी पेन्शन खिशात होती.

बाबा


११ नोव्हेंबर, सोमवार

सूनबाई,

आज थोडंच लिहितो.

हा तुझ्याकडून काल परत आला. तू बरी आहेस म्हणाला. जेवायला बसलो, त्यानं खिचडी केली होती. मी सवयीनं बोलून गेलो, "तुझ्या खिचडीत तरी मीठ घालून घे रे, माझ्यासाठी तू कशाला."

त्यानं चमचा खाली ठेवला. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय वाटत होतं? आम्ही वेगळं खातो?"

मी म्हटलं, "मग, नाही?"

"घरात तुम्ही इस्पितळातून आल्यापासून एकच पातेलं शिजतं. तिचा नियम आहे. 'बाबांना एकट्याला वाईट वाटेल' म्हणे. माझ्या डब्याला ऑफिसात कोणी हात लावत नाही. आजाऱ्याचा डबा म्हणतात. दर बुधवारी मी तिच्याशी भांडतो, आणि दर बुधवारी हरतो."

मी म्हटलं, "मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं नाही, हाही तिचाच नियम."

सूनबाई, मी तुझ्यावर संशय घेत होतो. मला वाटायचं, मी आत आडवा झालो की तुम्ही दोघं बरणी काढता. जेवायला बसताना तू हसलीस तरी मला वाटायचं, मिठाचंच हसणं आहे. जेवण झाल्यावर मी वरच्या फळीवरची बरणी काढली. मीठ नव्हतं ते, दगड होता. चमचा टोचला तर चमचा वाकला.

लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. बिनमिठाच्या अन्नाला कसं जागायचं ते मला कोणी शिकवलं नाही. पण हे सबब सांगणं झालं. शिकवायला कशाला हवं.

बाबा


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सूनबाई,

आधीच्या पत्रांत मी काही गोष्टी अर्ध्या लिहिल्या. खाई त्याला खवखवे. घशाशी आलं आहे, तर लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, कुत्रा. खालचा, काळा. गेल्या महिन्यात तू म्हणालीस ना, "हा बघा किती गुटगुटीत झालाय, कोण खायला घालतंय याला?" तुझं झाकलेलं ताट. रोज. तू पहाटे उठून शिजवलेलं मी त्याच्या पुढ्यात ओतायचो आणि ताट घासून ठेवायचो. संध्याकाळी तू विचारायचीस, "जेवलात ना बाबा? सगळं संपवलंत?" आणि खूश व्हायचीस. कुत्राही माझ्याहून बरा, निदान शेपूट हलवायचा.

दुसरी गोष्ट. मी मावशीला शब्दानं काही बोललो नाही असं लिहिलं होतं. बोललो.

असं झालं, की एक दिवस गर्दी नव्हती. मावशी समोर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही एकटे राहता म्हणता. मग शर्टाला इस्त्री कोण करतं? बटण तुटलं होतं तुमचं सोमवारी, आज लागलेलं दिसतंय. दोरा पण मिळता."

बाजूला पोस्टमन खात बसला होता, तोही वळून बघायला लागला. आता सांग, मी काय करायला हवं होतं? तिथेच उठायला हवं होतं. वाडगा अर्धा होता आणि गरम होता. मी म्हटलं, "सून करते." मावशी म्हणाली, "म्हणजे सून आहे?" मी म्हटलं, "आहे, पण." आणि त्या 'पण'च्या पुढे मला काहीतरी लावायलाच लागलं. मी म्हटलं, "इस्त्रीबिस्त्री करते. लोकांना दिसतं ना ते. जेवायला मात्र..." आणि मान खाली घातली.

तुझ्या इस्त्रीनं मी पकडला गेलो, आणि सुटायला तुलाच पुढे केलं. एक खोटं निस्तरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. पुढे कोणी विचारलं नाही तरी मी आपणहून भर घालायचो. पांघरूण जुनं आहे, हे मीच सांगितलं. जुनं आहेच, पण ते तुझ्या सासूनं शिवलेलं आणि मीच टाकू देत नाही, हे नाही सांगितलं. लोक हळहळायचे, "अरेरे काका," म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं. ऐकायला लाजिरवाणं आहे, पण रश्शाहून ते जास्त गोड लागायचं. घरी तू माझी इतकी काळजी घेतेस, तर कोणी अरेरे म्हणत नाही.

तिसरी. ठसका. रविवारी तू "बाबा?" म्हणालीस तेव्हा मला खोकला आला नव्हता. मी काढला.

मंगळवारी मागचं पत्र टाकायला निघालो तर पोस्टमन जिन्यातच भेटला. पाकीट हातातून घेतलं, पत्ता वाचला. "सुनेला? काका, हे तिसरं की चौथं. तिला कशाला मनवता? जाऊ दे की गेली तर. आम्ही आहोत."

मी म्हटलं, "ते पाकीट नीट पोचव." त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. सुनेला छळणारीण ठरवणारं माझं तोंड आणि तिची माफी मागणारं माझं पत्र, दोन्ही तोच वाहतो आहे.

बाबा


१९ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाई,

शनिवारी मी सांगायला गेलो होतो. दार ढकललं, चष्मा पांढरा झाला, आणि मी पुसेपर्यंत मावशीनं हाताला धरून कोपऱ्यात बसवलंसुद्धा. "किती दिवसांनी! त्या बयेनं कोंडून ठेवलं होतं की काय?" पातेलं नुकतंच उतरलं होतं. वाडगा समोर आला. मी ठरवलं, चार घास घेतो आणि मग सांगतो. चार घासांनंतर वाटलं, संपवतो आणि सांगतो. संपल्यावर तिनं आणखी एक पळी वाढली. मी खाऊन, हात धुऊन, काही न बोलता घरी आलो. हे लिहिलं नसतं तरी तुला कळलं नसतं. पण आता असं करायचं नाही असं ठरवलं आहे.

काल पुन्हा गेलो. या वेळी उपाशी नाही गेलो, घरून भात खाऊन गेलो. कोपऱ्यात बसलोही नसतो, पण बाकीची टेबलं भरलेली होती, आणि लोक आपणहून वाट करून देतात कोपऱ्यापर्यंत. बसलो, तेवढ्यात दार उघडलं. एक म्हातारा उंबऱ्यावर थांबला. माझ्याच वयाचा, अंगात लाल कोट, जरीच्या पट्ट्या उसवलेल्या, लग्नाच्या बँडमध्ये घालतात तसा. तोंडाचं बोळकं. त्यानं कोपऱ्याकडे बघितलं, मला बघितलं, आणि मावशीला हातानंच 'असू दे, असू दे' केलं. "आज भूक नाही," म्हणाला आणि दार ओढून गेला. दाराशी त्याच्या श्वासाची वाफ राहिली होती.

मी पोस्टमनला विचारलं, "हे कोण?"

"बँडवाला. कर्णा वाजवायचा, दात गेले आणि कर्णाही गेला. तुमच्या आधी कोपरा त्याचाच. एकटाच आहे, गोदामाच्या मागे राहतो."

"मग येत का नाही?"

"येतो की. दारापर्यंत. तुमची गोष्ट ऐकली ना त्यानं. म्हणतो, त्यांना बसू दे. माझं तर कोणी नाहीच, त्यांचं असून नाही, त्यांचे हाल जास्त."

सूनबाई, मावशी तेव्हाच वाडगा घेऊन माझ्याकडे येत होती. मी उठलो. उठायला गेलो तर गुडघा टेबलाला लागला, पाणी सांडलं, सगळे बघायला लागले. म्हटलं, आता बघतच आहेत.

मी म्हटलं, "ही खुर्ची माझी नाही. मला सून आहे. ती मला जेवायला घालते."

मावशी म्हणाली, "घाबरू नका काका. ती इथे नाही."

"घाबरून नाही बोलत. ती पहाटे उठून माझं वेगळं... वेगळं नाही, सगळ्यांचंच माझ्यासारखं करते. मला मीठ बंद आहे. मी ते कुत्र्याला घालायचो आणि इथे येऊन खायचो. मी सांगितलं ते सगळं खोटं आहे."

मावशी म्हणाली, "मग आम्ही दारात आलो तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"खोकत होतो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"खरं खोकत होतात?"

"नाही."

मला वाटलं वाडगा डोक्यावर ओतते की काय. तिनं तो तिथेच टेबलावर ठेवला आणि ती खाली बसली, माझ्याच खुर्चीवर, गादीवर. "अहो, मी त्या पोरीला काय काय बोलले," ती म्हणाली. "तिच्या दारात. सगळ्यांसमोर. देवाचं नाव घेऊन." मग पोस्टमनवर ओरडली, "आणि तू! पत्ता मला माहीत आहे म्हणून पुढे पुढे नाचत होतास!" तो म्हणाला, "पातेलं तुमचं होतं मावशी." "आणि पांघरूण कोणाचं?" मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि ते बरोबरच होतं.

मी म्हटलं, "मी तिला पत्रं लिहितो आहे. सगळं कबूल केलं आहे."

मावशी म्हणाली, "पत्रं लिहून काय? पत्र ती एकटी वाचणार. मी पत्रात नाही बोलले, मी जिन्यात बोलले. जिन्यात सांडलं ते जिन्यातच पुसायचं. आणि तुम्ही पुसायचं. मी येईन, तुमच्या मागे उभी राहीन, पण मी बोलणार नाही."

मी म्हटलं, "तिथे दुर्बीण आहे."

"म्हणजे काय?"

"वरच्या बाई."

"मग बरंच झालं. तिच्यापासूनच सुरू करा."

सूनबाई, तेव्हापासून मी चारदा दार उघडून जिन्यात डोकावून आलो आहे. तुला वाटेल, खाणावळीत बोललो, आता जिन्यात काय अवघड? पण खाणावळीत मी जायचं बंद करू शकतो. जिना मला रोज चढायचा आहे. दुर्बीण रोज विचारते, "सून कधी येणार हो?" आणि मी म्हणतो, "माहेरी बरं नाहीये कोणाला." आता तुझ्या माहेरच्यांनाही मी आजारी पाडलं आहे. हेही लिहिलं.

रविवारी करतो. रविवारी सगळे घरी असतात. नाही केलं तर पुढचं पत्र लिहिणार नाही, म्हणजे तुला कळेलच.

बाबा


२५ नोव्हेंबर, सोमवार

सूनबाई,

हे पत्र टपालात टाकत नाही. का ते शेवटी लिहितो.

रविवारी दुपारी, जेवणाच्याच वेळेला, मावशी आली. चांगलं लुगडं नेसून, हात रिकामे. खालच्या पायरीवर उभी राहिली. तिच्यामागे पोस्टमन, आणि त्याच्यामागे बँडवाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "मी आपला सोबतीला," म्हणाला. लाल कोट घालून आला होता, जिन्यात वरात आल्यासारखं दिसत होतं. तुझा नवरा सकाळीच तुझ्याकडे यायला निघाला होता, म्हणजे घरात मी एकटा.

मी दारं वाजवली. समोरचं वाजवलं, खालचं वाजवलं. वरचं वाजवायची गरजच पडली नाही. दुर्बीण म्हणाली, "काय झालं? परत आले का हे लोक?"

मी आपल्या दारात उभा राहिलो. दाराच्या आड नाही, उंबऱ्यावर, तू उभी होतीस तिथे. तोंड उघडलं आणि खोकला आला. खराखुरा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, आता कोण विश्वास ठेवणार. मावशी बोलली नाही, कबूल केल्याप्रमाणे. मी कठडा धरून उभा राहिलो, खोकला संपेपर्यंत थांबलो, आणि मग बोललो.

फार बोललो नाही. सून मला उपाशी ठेवत नव्हती. मी खोटं सांगितलं. चमचमीत खायला मिळावं म्हणून सांगितलं आणि लोकांनी कीव करावी म्हणून वाढवून सांगितलं. या मावशींचा दोष नाही. कुत्र्याचंही सांगितलं. खालच्या बाई म्हणाल्या, "तरीच!"

दुर्बीण दोन पायऱ्या खाली आली. म्हणाली, "अहो, पण तिनं काहीच केलं नव्हतं, तर त्या दिवशी तोंड वर करून सांगायचं ना. उगाच घर सोडून कशाला गेली?"

मी म्हटलं, "तिनं मला हाक मारली होती. मी बोललो नाही, म्हणून गेली."

दुर्बीण आलेल्या दोन पायऱ्या परत वर चढली. हे मी पहिल्यांदाच बघितलं. समोरच्यांनी दार हळू लावून घेतलं. मावशी वर आली, तुझा उंबरा बघत थोडी थांबली, आणि म्हणाली, "तिला सांगा, मी येणार आहे. ती बोलावेल तेव्हा. तोवर नाही." बँडवाल्यानं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "गादी जरा दबली आहे हो तुमच्या बसण्यानं." मी म्हटलं, भरून देतो. आज सकाळी जाऊन आणली आहे, कापूस पिंजून पुन्हा भरतो आहे. शिलाई दुहेरी घालतो. ती खुर्ची त्याची आहे.

मला कोणी शाबासकी दिली नाही. पोस्टमन तर अजून धड बोलत नाही. जिना चढताना खालच्या बाई आत जातात. बसेन त्याची सवय करत.

आता डब्याचं. रात्री हा तुझ्याकडून आला, हातात स्टीलचा डबा. "तिनं दिलाय," एवढंच म्हणाला. उघडला तर डाळीचं सूप, अजून कोमट, वर लिंबाची फोड वेगळी ठेवलेली. आम्ही दोघांनी ते गरम केलं, दोन वाडग्यांत घेतलं. मीठ नव्हतंच. मी लिंबू पिळलं आणि खाल्लं, शेवटपर्यंत. आवडलं असं खोटं लिहीत नाही. पण थंडीत गरम होतं, आणि सबंध वाडगा मीच खाल्ला. कुत्रा दारात येऊन बसला होता, त्याला म्हटलं, जा बाबा, आज नाही.

डबा धुताना झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. तुझं अक्षर. "कुंड्यांना एक दिवसाआड." पुढे काही नाही. मी ती उलटून बघितली, दिव्यासमोर धरून बघितली. एवढंच होतं. तुझा नवरा म्हणाला, "बाबा, रडायला काय झालं?" मी म्हटलं, कांदा. त्यानं आजूबाजूला बघितलं, कांदा कुठेच नव्हता. मग मी म्हटलं, "नाही, कांदा नाही."

रिकामं भांडं परत पाठवू नये असं तुझी सासू म्हणायची. डब्यात घालण्यासारखं मला काही रांधता येत नाही, म्हणून हे पत्र घालतो आहे. शनिवारी हा येईल, त्याच्याबरोबर पाठवतो. ये असं लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क माझा मी घालवला आहे.

काल एक कुंडी पूर्ण सुकलेली होती, मी जास्त पाणी घालून तिची मुळं कुजवली असं हा म्हणाला. दोन आहेत. आता चिठ्ठीप्रमाणे घालतो. आज घालायचा दिवस नाही, तरी दोनदा जाऊन बघून आलो.

बाबा